बाबांचं विसरणं: वयोमान, की काही सुरू होतंय? (नागपूर)

वाळ्याचा_पडदा
नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ७३ वर्षांचे. एजी ऑफिसातून (महालेखापाल कार्यालयातून) ऑडिटर म्हणून निवृत्त झाले. घरचा जमाखर्च आजही लाल कापडी बांधणीच्या वहीत रोज रात्री लिहितात. महिनाअखेरीला बेरीज शिलकीशी जुळली नाही तर जेवण झाल्यावर पुन्हा वही घेऊन बसायचे, आई चिडायची. यंदा आयकराचे कागद जमवताना मी वही चाळली. जानेवारीत एकाच तारखेला दुधाचे पैसे दोनदा, एकदा निळ्या पेनाने, एकदा काळ्या. फेब्रुवारीत विजेचं बिल मोबाईलवरून भरलंय आणि चार दिवसांनी रांगेत उभं राहूनही भरलंय. मार्चची बेरीजच नाही. पानाखाली नुसतं ‘पाहणे’ लिहून सोडून दिलंय. आमचे बाबा ‘पाहणे’ लिहून बेरीज सोडणारे नव्हेत हो.

बाकी तसे ठणठणीत आहेत. सकाळी ट्रॅफिक पार्कला चक्कर, बर्डीला एकटे जातात, रस्ता चुकत नाहीत. ऑफिसातल्या कुठल्या साहेबाने कुठल्या साली कोणाची बदली केली, ते बैजवार सांगतात. पण सकाळी झालेलं बोलणं दुपारी पुसलेलं असतं. मावसभावाच्या लग्नाची तारीख एका संध्याकाळीत इतक्यांदा विचारली की माझा मुलगा हसायला लागला. नवा फोन घेतलाय, त्यातलं काही शिकायलाच तयार नाहीत. टीव्ही इतका मोठा लावतात की खालच्या मजल्यावरचे लोक बोलतात. आणि आई हल्ली त्यांच्या वतीने उत्तरं देते. डॉक्टरांनी काही विचारलं की बाबा तिच्याकडे बघतात.

शुगर आणि बीपी आहे, अॅसिडिटीची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, झोपेचीही आहे. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, ‘या वयात चालायचंच.’ भाऊ बंगळुरूला असतो, त्याचं मत: ‘व्हिडिओ कॉलवर तर मस्त बोलतात, तू उगाच घाबरतेस.’

विचारायचं एवढंच की जायचं कोणाकडे? न्यूरो, मानसोपचार की साधे फिजिशियन? थेट एमआरआय करून टाकावा का? आणि बाबांना न्यायचं तरी काय सांगून? त्यांना जरा जरी वाटलं की डोकं तपासायला नेताहेत, तर घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

तर्रीपोहे
ताई, टेन्शन घेऊ नका. साठी बुद्धी नाठी हे आपल्याकडे काय आजचं आहे का? माझे आजोबा तर नातवंडांची नावं अदलाबदल करायचे. रात्री भिजवलेले बदाम, ब्राह्मी, आणि रोज एक सुडोकू. दवाखान्यात गेलं की नाव चिकटतं आणि माणूस खचतो.

निवृत्त_फिजिशियन
तर्रीपोहे, बदाम खायला हरकत नाही, पण ती म्हण तेवढी बाजूला ठेवा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी लासी-डॅड या वृद्धांवरच्या अभ्यासात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण ७.४ टक्के आलं. देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं. आकडा मोठाच आहे, पण याचाच अर्थ शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना साठीनंतरही डिमेन्शिया नसतो. म्हणून ‘वय झालं’ हे निदान होऊ शकत नाही.

आता ताईंच्या बाबांबद्दल. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडणं आणि तासाभराने आपोआप आठवणं, हे माझंही होतं. काळजीची गोष्ट वेगळी असते. जे काम माणूस आयुष्यभर डोळे मिटून करत आला, त्यात चुका व्हायला लागणं आणि चूक झाली हे त्याला न कळणं. तुलना शेजारच्या काकांशी करायची नाही. पाच वर्षांपूर्वीच्या बाबांशी करायची, आणि तुमच्याकडे तर त्याचा लेखी पुरावा आहे. ती वही जपून ठेवा. डॉक्टरांना मार्चचं पान दाखवा, आणि पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या मार्चचंही दाखवा. कुठल्याही स्कॅनपेक्षा ती दोन पानं मला जास्त सांगून गेली असती.

लगेच घाबरू मात्र नका, कारण तुमच्याच पोस्टमध्ये तीन-चार गोष्टी अशा आहेत की ज्या दुरुस्त होऊ शकतात.

शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं. अॅसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्यांनीही बी-१२ नीट शोषलं जात नाही. त्यात माणूस शाकाहारी असेल तर विचारायलाच नको. झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची असेल तर ती सरळसरळ स्मरणशक्तीवर बसते. पण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका! ती हळूहळू उतरवावी लागते, एकदम तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. आणि टीव्हीचा आवाज. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कुठून? कान आधी तपासा.

मी ओपीडीत असताना आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगायचो. सर्दीची, खाजेची, लघवीची, कंपवाताची, जुन्या डोकेदुखीसाठी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन, यातल्या कित्येक गोळ्या म्हातारपणी डोक्यावर धुकं आणतात. एकेक गोळी एकेका डॉक्टरने दिलेली असते, सगळ्या एकत्र कोणीच पाहिलेल्या नसतात.

रक्ताच्या तपासण्या साध्याच आहेत, कुठल्याही लॅबमध्ये होतात. सीबीसी, बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, शुगर आणि एचबीए१सी, किडनी, लिव्हर. गरज वाटली तर व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) आणि एचआयव्ही. शिवाय मन उदास आहे का, हे विचारणं. नैराश्यातही माणूस विसरतो. पण तो बहुधा स्वतःच सांगत येतो की मला काही आठवत नाही. अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराच्या, सुरुवातीला उलट, घरचे सांगत असतात आणि रुग्ण म्हणतो मला काही झालेलं नाही. दर वेळी हा नियम लागू पडत नाही, पण कान त्या बाजूला ठेवावा.

मेंदूचं एक तरी चित्र काढावंच लागतं. पडल्यानंतर आठवड्यांनी मेंदूवर साचलेलं रक्त, गाठ, छोटे छोटे पक्षाघात, किंवा मेंदूत पाणी वाढणं. या शेवटच्यात चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरणं येतं. हे वेळेत ओळखलं तर शस्त्रक्रियेने सुधारू शकतं. पण एमआरआयने सुरुवात करू नका. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये एमआरआय नॉर्मल येऊ शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. उलट ‘वयानुसार मेंदू आकसला आहे’ हे वाक्य सत्तरीतल्या बऱ्याच रिपोर्टांत असतं, ते वाचून लोक निष्कारण रडतात.

कोणाकडे जावं: आधी पिशवी आणि रक्त नीट बघणारा फिजिशियन, मग न्यूरोलॉजिस्ट. मानसोपचारतज्ज्ञांकडेही हे काम उत्तम होतं, लोक उगाच बिचकतात. सरकारीत जायचं तर मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये न्यूरोलॉजी आहे, मिहानला एम्स आहे. बाबा एजीचे म्हणजे सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) असेलच, डिस्पेन्सरीतून रेफरल घ्या.

पारडीचा_पक्या
डॉक्टरसाहेबांनी हळूहळू होणाऱ्याचं लिहिलं. एकदम होणाऱ्याचं मी लिहितो, कारण नागपूरचा उन्हाळा तोंडावर आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या वडिलांनी दोन दिवसांत रंग बदलला. सोमवारी पेपर वाचत होते, बुधवारी रात्री मला ओळखेनात. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणाले, मग झोपून गेले, मग पुन्हा बरळणं. शेजारच्यांनी निकाल देऊन टाकला की अल्झायमर झाला. तपासलं तर सोडियम ११९. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, वरून ४५ डिग्री, जेवण निम्मं, आणि आम्हीच मीठ तोडलेलं. आठवडाभर अॅडमिट होते. हळूहळू सोडियम वर आणलं (फार भराभर वाढवता येत नाही म्हणे, मेंदूला धोका असतो) आणि माणूस जसाच्या तसा परत.

निवृत्त_फिजिशियन
याला डेलिरियम म्हणतात. तास-दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होतो, लक्ष एका जागी ठरत नाही. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, सोडियम, नवी गोळी, बद्धकोष्ठसुद्धा पुरतं. ही इमर्जन्सी आहे, स्मरणशक्तीच्या ओपीडीची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. आणि अशा आजारपणात स्मरणशक्तीची चाचणी घेऊन निदान करायचं नाही, माणूस सावरल्यावर काही आठवड्यांनी करायची. मात्र ज्याला एकदा डेलिरियम झाला त्याच्यावर पुढे लक्ष ठेवा. आत काही मुळात सुरू असेल तर ते असं उघडं पडतं.

उमरेडवाली
ताई, मी उमरेडकडची, आता दिघोरीले राह्यतो. माह्या सासूबाईचं सांगतो. दुसरीपर्यंत शिकली बाई. भुलल्यासारखं करते म्हनून एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. थ्या पोरीनं कागद समोर ठेवला, घड्याळ काढा म्हने, शंभरातून सात सात कमी करा म्हने, आजची तारीख सांगा म्हने. बुढीनं जिंदगीत पेन धरला तो सहीपुरता. तिले इंग्रजी तारीख काय मालूम? तिथी इचारा, पोळा किती दिवसावर आहे थे इचारा, धडाधड सांगते. मार्क आले कमी, सांगून टाकलं डिमेन्शिया, गोळ्या सुरू. गोळ्यानं मळमळ, जेवन बंद, बुढी अर्धी झाली.

मंग दुसऱ्या डॉक्टरनं मले बाजूले घेऊन इचारलं, घरात काय काय करते? म्हटलं बचत गटात कोनाचे किती हप्ते बाकी हे तिले तोंडपाठ, कुरड्यांचा चीक तिच्याशिवाय कोनाले साधत नाही. डोळे पाह्यले तं दोन्ही मोतीबिंदू पिकलेले. गोळ्या बंद केल्या त्यानं, आधी डोळे करा म्हने. आता चांगली आहे, माह्या चुका काढते दिवसभर. नुसते मार्क पाहू नका बाप्पा.

चष्मिस
उमरेडवालींचा प्रतिसाद छापून आमच्या विभागात लावावासा वाटतोय. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, या चाचण्या घेणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेहमी वापरतात त्या दोन. एमएमएसई, १९७५ पासून चालत आलेली, ३० गुणांची. आणि मोका, २००५ सालची, तीही ३० गुणांची, दहा-पंधरा मिनिटांची. सुरुवातीच्या घसरणीसाठी मोका जास्त तिखट आहे. एमएमएसईत चांगले शिकलेले लोक सहज २८-२९ मिळवून जातात आणि आत काय चाललंय ते कळत नाही. मोकात मूळची रेघ २६ ची, आणि १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण तो एक गुण दुसरी शिकलेल्या आजीला काय पुरणार? आपल्याकडे २६ ची रेघ ब्रह्मवाक्य मानली तर निम्मं गाव डिमेन्शियाचं निघेल. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमधल्या अभ्यासासाठी १९९० च्या दशकात हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली, शाळेत न गेलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून. चाचणी मराठीतूनच घ्या असा आग्रह धरा. घरात वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाला पुस्तकी हिंदीत प्रश्न टाकले तर भाषेचेच गुण जातात.

एकूण गुणांपेक्षा ते कुठे गेले हे बघायचं असतं. पाच शब्द सांगतात, मधे दुसरी कामं देतात, मग ते शब्द विचारतात. एखाद्याला आठवत नाहीत, पण ‘एक रंग होता’ अशी खूण दिली की पटकन येतो. म्हणजे शब्द आत गेलाय, काढायला त्रास होतोय. हे उदासीनतेत, झोप नसताना, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारातही दिसतं. दुसऱ्याला खूण देऊन, पर्याय देऊनही येत नाही, असा काही शब्द सांगितला होता हेच आठवत नाही. म्हणजे आत साठलाच नाही. तिथे अल्झायमरची शंका बळावते. आणि घसरण नेहमी विसरण्यानेच सुरू होते असंही नाही. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं दिसतात, झोपेत हातपाय झाडले जातात. फ्रंटोटेम्पोरलमध्ये स्वभाव आधी बदलतो, भिडस्त माणूस भर लग्नात काहीही बोलून मोकळा होतो, आणि घरचे वर्षभर त्याच्याशी भांडत बसतात.

कृपा करून इंटरनेटवरून कागद काढून घरी सराव करून घेऊ नका. शब्द पाठ झाले की पुढची दोन वर्षं ती चाचणी त्या माणसापुरती बाद. मीही इथे शब्द देणार नाही, विचारू नका. 😊 घरच्यांनी करायचं काम वेगळं आहे. एडी-८ नावाची आठ प्रश्नांची यादी आहे, ती रुग्णाला नाही, जवळच्या माणसाला विचारतात: गेल्या काही वर्षांत निर्णय घेण्यात, आवडीनिवडीत, तेच तेच बोलण्यात, नवं यंत्र शिकण्यात, महिना-वर्ष लक्षात राहण्यात, पैशाच्या व्यवहारात, ठरलेल्या भेटी लक्षात ठेवण्यात आणि रोजच्या विचार-आठवणीत बदल झालाय का? दोन किंवा जास्त ‘हो’ आले तर नीट तपासणी करावी. ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच मला तीन सापडले.

चाचणीच्या दिवशी चष्मा, कानाचं यंत्र असेल तर ते, पोटभर नाश्ता आणि आदल्या रात्रीची बरी झोप. आणि आईंना प्रेमाने बाहेर बसवा, नाहीतर अर्धी उत्तरं त्या देतील.

सुदूर_बंगळुरू
ताईंचा भाऊ मी नव्हे, पण त्या जागी आहे. पुण्यात आईवडील, मी इकडे. व्हिडिओ कॉलच्या दहा मिनिटांत ‘जेवलास का, पाऊस आहे का, पोरं कशी आहेत’ एवढंच असतं, ते कोणालाही जमतं. भावाला चार दिवस घरी बोलवा आणि बाबांबरोबर बँकेत पाठवा. वाद आपोआप संपेल.

माझी शंका वेगळी. समजा निघालंच अल्झायमर, तर बरं करणारं औषध नाही. मग नाव कळून उपयोग काय? तर्रीपोह्यांचं म्हणणं मला इथे अगदीच चुकीचं वाटत नाही.

निवृत्त_फिजिशियन
उपयोग आहे. एक, बरं करता येईल असं काही सुटत नाही. दोन, डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही औषधं आजार थांबवत नाहीत, पण निदान पक्कं झाल्यावर काहींना त्यांनी काही काळ बरं वाटतं. (डोनेपेझिलने नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी. उमरेडवालींच्या सासूबाईंना जी मळमळ झाली तीही या गटातल्या गोळ्यांची नेहमीची तक्रार.) तीन, आणि मला तरी हेच सगळ्यात मोठं वाटतं: माणूस स्वतः ठरवू शकतोय तोवर त्याला ठरवू द्यायला मिळतं. घर, पैसा, गाडी, पुढे कोणाकडे राहायचं. घरचे दोन वर्षं लपवाछपवी करतात, तीच दोन वर्षं असतात त्याची स्वतः बोलण्याची.

बेसा_रोड
नव्या इंजेक्शनांबद्दल कोणी सांगेल का? आणि रक्तातून अल्झायमर कळतो म्हणे आता.

निवृत्त_फिजिशियन
थोडक्यात सांगतो. लेकॅनेमॅबला अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. दोन्ही फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी, तेही मेंदूत अॅमिलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) आहे हे पेट स्कॅनने किंवा पाठीच्या पाण्याने सिद्ध झाल्यावर. घसरणीचा वेग थोडा कमी होतो, गेलेलं परत येत नाही. मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय. रक्ताची पी-टाऊ २१७ वर आधारलेली चाचणी एफडीएने मे २०२५ मध्ये मान्य केली, पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणं असलेल्या लोकांसाठी, तज्ज्ञांच्या हाताखाली. ‘काही होत नाही पण करून बघतो’ यासाठी ती नाही. ताईंच्या बाबांचं आज बी-१२ सुद्धा झालेलं नाही, इतक्या पुढे जायला नको.

वाळ्याचा_पडदा
सगळ्यांचे मनापासून आभार. मेटफॉर्मिनच आहे, आणि झोपेची अल्प्राझोलाम. एडी-८ चे प्रश्न मी आणि आईने वेगवेगळ्या कागदांवर लिहिले. माझे पाच ‘हो’, आईचा एक. आईचा तो एकही पैशाचा होता, म्हणजे तिलाही कळलंय.

न्यायचं कसं ते अजून सुटत नाही.

उमरेडवाली
शुगरच्या तपासनीले म्हनून न्या ना. खोटं कुठं आहे त्याच्यात? रक्त तं तसंही काढाचंच आहे.

चष्मिस
कानापासून सुरुवात करा. ‘टीव्हीवरून खालचे लोक तक्रार करताहेत’ हे कारण बाबांना पटेल. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे १४ धोके मांडले, सगळे हाताळले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतो असा त्यांचा अंदाज, आणि त्यात ऐकू कमी येणं हा मोठ्या धोक्यांपैकी एक. पण स्मरणशक्तीच्या चाचणीला नेताना ती कसली आहे हे त्यांना सांगा. फसवून आणलेला माणूस माझ्यासमोर हाताची घडी घालून बसतो, आणि त्या घडीचे गुण कमी येतात.

वाळ्याचा_पडदा
उशिरा अपडेट देतेय, मधे तपासण्यांची धावपळ होती.

बी-१२ आलं १४२, लॅबच्या कागदावर खालची रेघ २०० ची. टीएसएच ठीक, सोडियम ठीक. ऑडिओग्राममध्ये दोन्ही कानांनी बऱ्यापैकी कमी ऐकू येतं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, झोपेची गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवायला घेतली. पहिले काही दिवस बाबा रात्री घरभर फिरायचे, आता बरंय. डॉक्टर म्हणाले, हे जरा स्थिरावू दे, मग स्मरणशक्तीची चाचणी. भाऊ त्यासाठी मुद्दाम आला. बाबांना आम्ही दोघांनी समोर बसवून खरं सांगितलं. वही त्यांच्यासमोर ठेवली. बराच वेळ मार्चचं पान बघत होते. मग म्हणाले, ‘ऑब्जेक्शन मान्य आहे. तारीख घ्या.’

मोकात २३. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं तर थांबवेपर्यंत खाली गेले, एकही चूक नाही. घड्याळ सुरेख काढलं, काटेसुद्धा लहानमोठे. आणि पाच शब्दांतला एकच आठवला, खूण दिल्यावर आणखी एक. बाकीचे तीन पर्याय देऊनही नाही. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे थोडे जुने ठिपके, हिप्पोकॅम्पस (मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग) किंचित लहान. रोजची कामं जवळपास सगळी स्वतः करतात म्हणून न्यूरोलॉजिस्टनी डिमेन्शिया म्हटलं नाही. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, एमसीआय, म्हणजे वयापेक्षा जास्त पण डिमेन्शियापेक्षा कमी घसरण. गोळी सध्या दिली नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

आईचं म्हणणं होतं की रिपोर्ट त्यांना दाखवायचा नाही. पण फाईल घरात आली की बाबा वाचणार नाहीत असं होईल का? दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून त्यांनी चाचणीच्या कागदावरचे सगळे गुण पेन्सिलीने टिक करत मोजले आणि म्हणाले, ‘बेरीज बरोबर आहे.’

आता प्रश्न पुढचे. एमसीआय म्हणजे नक्की अल्झायमर होणारच का? आणि पैशाचे व्यवहार कसे करायचे?

निवृत्त_फिजिशियन
होणारच असं नाही. स्मृतीच्या ओपीडीत येणाऱ्या एमसीआयच्या लोकांपैकी साधारण १० ते १५ टक्के दर वर्षी डिमेन्शियाकडे सरकतात. काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही सुधारतातही, विशेषतः ज्यांच्यात बी-१२, झोप, नैराश्य असं काही सापडतं. तुमच्या बाबांना खूण देऊनही शब्द आले नाहीत, त्यामुळे मी लक्ष ठेवेन, खोटा धीर देणार नाही. बी-१२ भरून आलं म्हणजे सगळं परत येईलच असंही नाही. एमसीआयसाठी गोळी सध्या नको, हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टचं धोरण योग्य आहे. बीपी, शुगर, चालणं आणि कान, इथे जोर लावा. रक्तवाहिन्यांचे जे ठिपके दिसलेत ते बहुधा बीपीच्या दारातून आलेले असतात.

बेसा_रोड
व्यवहाराचं मी सांगतो, वकिली करतो. लोक कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ज्याने मुखत्यारपत्र दिलं तो मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद मरतो. त्यामुळे आत्ताच, बाबांच्या संमतीने, बँक खातं आईबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं) करून घ्या, सगळीकडे नॉमिनेशन तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर आताच. दोन साक्षीदार कायद्याने लागतातच. त्याच सुमाराचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की त्यांना सगळं समजतंय, ते सक्तीचं नाही, पण पुढे भावंडांचे वाद वाचतात. एमसीआय म्हणजे अक्षम नव्हे, बँकेतल्या बाबूने तसं म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाईलवरून होतो, रांग नको.

फोनवरून पैसे मागणाऱ्यांचं मात्र आजच बघा. यूपीआयची मर्यादा कमी करा, मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांना असेच लोक हवे असतात, शिकलेले, पेन्शनवाले, आणि सकाळचं दुपारी न आठवणारे.

तर्रीपोहे
वाचतोय. एक विचारायचं होतं, सीजीएचएसमधून कानाच्या मशीनचे पैसे मिळतात का? आमच्या मातोश्रींचाही टीव्ही मोठाच असतो. बदामाचा विषय मी काढत नाही आता.

निवृत्त_फिजिशियन
मिळतात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. ईएनटी तज्ज्ञांची शिफारस आणि ऑडिओग्राम लागतो, आधी परवानगी घ्यायची आणि मग खरेदी. उलटं केलंत तर बिल परत येईल.

चष्मिस
आणि मशीन घेतल्यावर पहिले काही आठवडे त्या ‘सगळा आवाज कचरा आहे’ म्हणून काढून डबीत ठेवतील. पंखा, कुकर, भांडी सगळंच अंगावर येतं. आधी घरात शांत वेळी तास-दोन तास, मग वाढवत न्यायचं, आणि सेटिंगसाठी ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जायचंच. वाळ्याचा_पडदा, तुमच्या बाबांनाही हेच लागू. सहा महिन्यांच्या चाचणीला मशीन लावूनच आणा, आणि आधीच्या चाचणीचा मूळ कागद फाईलमध्ये ठेवा. मोकाचे वेगवेगळे संच असतात, आधी कुठला दिला होता ते कळलं तर दुसरा देता येतो.